दुसरा डोळा

१

साखरपुडा होऊन दोन दिवस झाले, आणि तिसऱ्या सकाळी सुकन्यानं बापाच्या कपात चहा ओतायचा तो कपाशेजारी ओतला. शिरूर अनंतपाळचे बसवराज कापडवाले ओरडायला तोंड उघडून तसेच राहिले, कारण मुलगी त्यांच्याकडं रोखून बघत होती आणि म्हणत होती, "अप्पा, तुमचे कान दिसतात. तोंड दिसंना."

तोंडाच्या जागी करपल्या भाकरीसारखा एक डाग होता. ती जिकडं बघेल तिकडं तो डाग तिच्या आधी जाऊन बसायचा. पुस्तक उघडलं की नेमका वाचायच्या अक्षरावर बसायचा.

शिरूरहून लातूरला एसटी जेवढ्या वेळात पोचते त्याच्या आत ही बातमी मुलाकडं पोचली. बातम्यांना मधले थांबे नसतात. मुलाची आई गंगम्मा दोन दिवस धुमसली आणि मग चपला घालून थेट दिलशादआपांच्या दारात आली. मागं तिचा मुलगा अमरेश, म्हणजे नवरदेव. लातुरात त्याचे फिजिक्सचे क्लासेस होते आणि त्याचा फोटो शहरातल्या निम्म्या खांबांवर होता.

दिलशादआपा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि आता सोयरिकीच्या चौकशा करत. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं मोडलंय का, सासू सुनेला जेवू घालते का नुसती वाढते. लिंगायत काय, मुसलमान काय, सगळ्यांचे हुंडे वेगळे असले तरी संशय एकाच जातीचे असतात, हे आपांना पाठ होतं. लोक त्यांना घाबरत आणि न चुकता लग्नाला बोलावत.

"फसवलं आपा आम्हाला," गंगम्मा बसायच्या आत म्हणाली. "पोरगी डोळ्यानं अधू निघाली. मुलींच्या बॅचला शिकवंल म्हणून घेतली, आता तिला पुस्तकच दिसंना. दोष जुना हाय, एवढं तुम्ही काढून द्या. सोयरीक मोडायला मी मोकळी."

"जुना नसला तर, काकू?"

"नसायला काय झालं? भूकंपाच्या आदल्या दिवशी आमच्या गावचं घर पण चांगलंच दिसत होतं. आई आणि दोन भाऊ त्या चांगल्या घराखाली गेले. तवापासून मी वाजवल्याबिगर काही घेत न्हाई. भांडं न्हाई, भिंत न्हाई, माणूस न्हाई."

"अव्वा, काय जुना-जुना लावलंय?" अमरेश दारातूनच बोलला. आवाज गोड, क्लासच्या माईकवर घासून गुळगुळीत झालेला. "आपा, तिचे डोळे चांगले होते. साखरपुड्यात डीजेवाल्यानं लेझर सोडली, त्यानं झालंय. यासेर का कोण तो. बसवराजमामांनी त्याच्यावर तक्रार दिलीय, पोलिसांनी गाडी आणून ठेवलीय. तुम्ही कशाला उन्हात फिरता?"

मायलेक गेले. आपा चहाचा रिकामा पेला हातात धरून बसल्या. मुलीचा दोष जुना ठरला तर सोयरीक फुकटात मोडते. आईला तेच हवं. मुलालाही तेच हवं असणार, अधू बायको घेऊन तो काय करील? मग आई जो दरवाजा उघडून राहिलीय, तो मुलगा ओढून बंद कामून करून राहिलाय?

२

यासेर ठाण्याच्या आवारात आपल्याच टेम्पोच्या सावलीला बसला होता. गाडी जप्त, दिवे जप्त, लग्नसराई तोंडावर.

"सलाम आपा. तुम्ही कुणाकडून?"

"मी चौकशीकडून. खरं बोलायचं."

"खरं बोलूनच हितं बसलोय ना." तो हसला, पण हसण्यात पाणी नव्हतं. "लेझर लावली होती, हाव. माझ्या लेझरनं डोळा जाऊ शकतो का? हाव, जाऊ शकतो. नायगावच्या मिरवणुकीत दुसऱ्या एका पार्टीची लाईट एका पोराच्या डोळ्यात गेलेली मी बघितलीय. म्हणून मी वर बांधतो. छताला मारतो. माणसांवर न्हाई."

"पोरगी म्हणंल, माझ्या डोळ्यात आली."

"पोरगी असं मनलीय का? तिचा बाप मनतोय." यासेरनं बोट नाचवलं. "आपा, नवरी कुठं बसते? स्टेजवर, लोकांकडं तोंड करून. माझे दिवे कुठं? स्टेजवरच, तिच्या डोक्याच्या मागं, वर. तिला बघायचं असतं तर मान मोडून बघावं लागलं असतं. नवरी साखरपुड्यात मान मोडती का?"

"कोण बघत होतं मग दिव्यांकडं?"

"शूटिंगवाला. सगळा कार्यक्रम होईस्तोवर दिव्यांसमोर उभा. आता तुम्हीच त्याच्याकडं जावा. लेझर सरळ गेली की कॅमेराबी आंधळा होतो, चित्रावर कायमची रेघ बसते. त्याचा कॅमेरा एकदम टकाटक हाय. कॅमेऱ्याचा डोळा शाबूत आणि पाठमोऱ्या पोरीचे दोन्ही गेले? असं कसं?"

आपांनी शूटिंगवाल्याकडं जाऊन व्हिडिओ बघितला. यासेर खरं बोलत होता. सुकन्या सबंध कार्यक्रमात समोर बघत होती, म्हणजे समोर तोंड करून होती. बघत नव्हती. कुणी पुढ्यात आलं की ती थोडं बाजूला बघून हसत होती. लोक तिला लाजाळू समजले. अमरेशनं अंगठी घालायला हात पुढं केला, तेव्हा तिचं बोट त्याच्या हाताशेजारच्या हवेत जाऊन थांबलं होतं, आणि अमरेशनं ते बोट इतक्या अलगद पकडून आणलं होतं, जणू ते तिथं चुकणार हे त्याला ठाऊक होतं.

त्या क्षणी डीजे अजून सुरू व्हायचा होता.

३

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बोलायला तुटक होत्या. बसवराजांनी परवानगी दिली म्हणून त्यांनी पडद्यावर सुकन्याच्या डोळ्यांची दोन चित्रं लावली. दोन नारिंगी गोळे, चंद्रासारखे. प्रत्येकाच्या बरोबर मध्ये एक पिवळट डाग.

"हे भाजलंय. नवीन आहे, अजून सुजलंय. जुना दोष वगैरे काही नाही. ही मुलगी साखरपुड्याआधी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं बघत असणार."

"लेझर?"

"प्रखर उजेड, बारीक झोत. हातात धरायचे लेझर मिळतात आता, पेनासारखे. खेळणं म्हणून विकतात. कागदावर लिहितात एक आणि आत असतं भलतंच. डोळ्याचं भिंग तो झोत गोळा करून मागच्या पडद्यावर एका टिंबात आणून ठेवतं. उन्हात भिंग धरून कागद जाळतात ना पोरं, तसं. फक्त इथं कागद आत असतो. दुखत नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट भाग. दुखलं असतं तर माणूस पळाला असता."

"पण डोळ्यात उजेड आला की आपण डोळा मिटतोच की, मॅडम."

"तेच मला कळत नाहीये." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "हिनं मिटलेला नाही. भिरभिरणाऱ्या दिव्याचा ओरखडा येतो, कुठंही, बाजूला. हे दोन्ही डाग नेमके मध्यावर आहेत, आपण ज्यानं वाचतो, माणसं ओळखतो, त्या जागी. म्हणजे ती थेट झोताच्या तोंडात बघत होती. आणि झोत असतो पेनच्या रिफीलएवढा. दोन डोळ्यांत एकदम जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी एक, मग दुसरा. उजव्यातला डाग लहान आहे. डाव्यातला मोठा, तिथं जास्त वेळ थांबलंय."

"परत दिसंल का तिला?"

"कडेचं दिसेल. मधलं येईल असं मी सांगणार नाही."

आपा उठल्या. दारापाशी पुन्हा वळल्या. "अपघातानं होत नसंल का हो हे?"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं उजवं चित्र बंद केलं. डावं तसंच राहिलं.

"एक डोळा अपघातानं होतो," त्या म्हणाल्या.

४

अमरेश सरांच्या क्लासेसमध्ये शिरायला आपांना कुणी अडवलं नाही. अहमदपूरकडून आलेली एखादी आजी नातवाची फी विचारायला आली असेल, असं समजून लोकांनी पाणी दिलं. आपांनी वरांड्यात डबा खाणाऱ्या मुलींशी गप्पा लावल्या.

"शिकवतात कसे गं सर?"

"एक नंबर! पण आता मजा राहिली न्हाई आजी. आधी सरांकडं हिरवी लेझर होती. फळ्यावरचं दाखवायचे त्यानं. प्रकाशाचा धडा असला की काळा फुगा आणायचे, नुसता झोत धरायचे, फट्‌!"

"आणि कुणी डुलकी काढली की वहीवर हिरवा ठिपका," दुसरी म्हणाली. "आम्ही तर घाबरून झोपतच नव्हतो."

"आता?"

"आता बांबूची काडी. सर म्हणतात, लेझर हरवली."

"कधीपासून?"

मुली एकमेकींकडं बघून खुदकल्या. "सरांचा साखरपुडा झाला ना, तेव्हापासून. आम्ही म्हणतो, मॅडमनी काढून घेतली असंल!"

तिथून आपा थेट गंगम्माच्या घरी गेल्या. गंगम्मा देवळात गेली होती आणि हे आपांना माहीत होतं. थोरली सून मल्लम्मा ज्वारी निवडत होती. तिच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा. सुपात तोंड घातल्याशिवाय तिला खडा दिसत नव्हता.

"लग्नात चष्मा नव्हता तुला," आपा सहज म्हणाल्या.

"तुम्हीच चौकशी केली होती की आपा आमची."

"केली होती. तू पोथी वाचून दाखवली होतीस मला."

"तोंडपाठ होती." मल्लम्मा पहिल्यांदा हसली. "पहिल्या पंचमीला अत्तींना, सासूबाईंना कळलं. तवापासून दोन वेळ ऐकते. जेवताना आणि जेवल्यावर."

"म्हणून धाकटीला वाजवून घेतली असंल."

"वाजवून? अहो, बाजारात म्हैस घेताना बरं!" मल्लम्माला बोलायला कुणी मिळत नसणार, ती भरभरून सुटली. "साखरपुड्याच्या दुपारी, साडी नेसवायची म्हणून आतल्या खोलीत घेतली. दात बघितले. केस सोडून बघितले, गंगावन हाय का. पाय बघितले, चालवून बघितली. कानात हळू बोलून बघितलं. नखं बघितली. वजन..." ती थांबली.

"आणि?"

"आणि काय? झालं."

"एवढंच बघितलं?"

"एवढंच." मल्लम्मानं सूप इतक्या जोरात पाखडलं की चांगली ज्वारीसुद्धा खाली सांडली.

आपा घरी चालत गेल्या. दात, केस, पाय, कान, नखं. ज्या घरात एक सून चष्मा लपवून शिरली, ज्या सासूचा त्या एका गोष्टीनं जीव जळतो, त्या घरानं धाकट्या सुनेचं सगळं तपासलं आणि डोळे तेवढे सोडले.

५

"डोळे न मिटण्याचं म्हणत असाल तर ते आमच्या सुकन्याकडून शिकावं," सिद्धम्मा म्हणाली. शिरूरच्या घरात सुकन्याची आई एवढी एकच गोष्ट अभिमानानं सांगत होती, बाकी सगळं रडत. "लहानपणी दीक्षा झाली तवापासून रोज सकाळी लिंगपूजा. डाव्या तळहातावर इष्टलिंग, मागं समई. त्या काळ्या लिंगावर ज्योतीचा एक ठिपका चमकतो, त्याच्यावर नजर. स्वामी म्हणायचे, पापणी लवली की मन लवलं. हिची लवायचीच न्हाई. डोळ्यातनं पाणी गळंल, पण पापणी हलणार न्हाई. आम्ही पाव्हण्यांना बोलावून दाखवायचो."

"गंगम्माकाकूंना पण सांगितलं होतं?"

"बघायला आले तवाच सांगितलं की. जावईबापू तर किती हसले. मनले, बघू की एकदा."

आपांनी सुकन्याला परसात नेलं. मुलगी लिंबाच्या खाली बसली आणि आपांच्या खांद्याकडं बघू लागली. आपांचा चेहरा दिसायला तिला खांद्याकडंच बघावं लागत होतं.

"मी विचारणार न्हाई," आपा म्हणाल्या. "मी सांगते. चुकलं तिथं थांबव. खोली आतली. खिडकी लावलेली. मल्लम्मानं तुझी हनुवटी धरली. काकू बाजूला. अमरेशच्या हातात हिरवी लेझर."

मुलीचा हात आपोआप हनुवटीकडं गेला.

"मनला, सरळ बघ."

"मनले, ही डोळ्यांची तपासणी आहे," सुकन्या हळू म्हणाली. "लेन्स असली की पापणी लवते. दोष असला की लवते. न लवली तर डोळा शुद्ध. मल्लम्माक्कामुळं अव्वांना शंका आहे, एकदा फिटू दे, मनले."

"आधी उजवा."

"हाव. मी नाही लववली. मग ते थांबले. मनले, कमालच आहे."

"आणि तुला काय दिसलं?"

"डाग. मी लगेच सांगितलं त्यांना. मनलं, मधी काळं दिसायलंय, तुमचं तोंड दिसंना. ते जरा गप्प झाले." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग मनले, अच्छा, म्हणजे दोष निघाला. दुसऱ्यातही आहे का बघू."

लिंबावर कावळा ओरडत होता. आपांनी आयुष्यात खुनी बघितले होते, सुना जाळणारे बघितले होते. त्या उठून दोन पावलं चालल्या आणि परत येऊन बसल्या.

"आणि तू दुसरा दिलास."

"मला वाटलं, दुसरा चांगला निघाला तर निदान एक तरी... मी अजिबात हलले नाही, आपा. जास्त वेळ धरला त्यांनी."

"आईबापाला कामून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? माझ्यात दोष निघाला म्हणून? त्यांनी तपासला नसता तर कळलाही नसता, असं ते मनले. वरून मनले, मी कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नको. मला ते केवढे चांगले वाटले."

६

बैठक गंगम्माच्या दिवाणखान्यात झाली. बसवराज आणि सिद्धम्मा एका सतरंजीवर, गंगम्मा आणि अमरेश सोफ्यावर, मल्लम्मा दारात, सुकन्या भिंतीला टेकून. आपांनी पंख्याखालची खुर्ची ओढून घेतली.

"काकू, तुम्ही दोष जुना हाय का विचारलं होतं. दोष साखरपुड्याच्या दुपारचा हाय. तुमच्या आतल्या खोलीतला."

त्यांनी सगळं सांगितलं, ओळीनं. कॅमेरा शाबूत होता ते, डाग मध्यावर होते ते, बोट चुकलं तेव्हा डीजे लागलाच नव्हता ते, काळा फुगा, हरवलेली लेझर. मल्लम्मा सगळं तपासलं म्हणाली आणि डोळे विसरली, तेही. मल्लम्मानं दारातच खाली बसकण मारली आणि कुणी न विचारता म्हणाली, "हनुवटी मीच धरली होती."

गंगम्मा मुलाकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते खोटं नव्हतं. "तू मनला होतास साधी लाईट हाय."

"साधीच आहे अव्वा!" अमरेश उभा राहिला. "त्याच्यावर लिहिलंय, पाच मिलिवॅट. पाचानं काही होत नाही. माणसाची पापणी आपोआप मिटते, डोळा वाचतो. हे पुस्तकात आहे. ही न मिटणारी निघाली, त्याला मी काय करू?"

"पाचवाल्यानं काळा फुगा फुटतो का, सर?" आपांनी विचारलं.

अमरेशनं आईकडं बघितलं.

"तुमच्या मुलींना इचारू? फिजिक्सच्या हायेत."

"नाही फुटत," तो म्हणाला. "पण तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. गंमत होती ती. नाही लवत म्हणतात, तर बघू किती वेळ. शप्पथ, मला वाटलं, थांबेल ही. थांबेचना."

"खरंय. उजव्या डोळ्यापर्यंत तुमचं खरं मानते मी. अडाणीपणा मनू, गंमत मनू, लेबलवाला लबाड मनू." आपांचा आवाज चढला नाही. "मग ती मनली, तुमचं तोंड दिसंना. तवा तुम्ही गप्प झालात. कामून गप्प झालात, सर? तवा तुम्हाला कळलं. एक डोळा गेला तर उद्या ती सांगंल, अमरेश सरांनी घालवला. दोन्ही गेले, आणि सारखेच गेले, तर? मग तो दोष ठरतो. जन्माचा. दोन्ही डोळ्यांत सारखा."

अमरेश पुन्हा सोफ्यावर बसला.

"ती थांबली न्हाई मनता. ती कशी थांबणार, तिला तुम्ही परीक्षेला बसवलं होतं. तुम्ही कामून थांबला न्हाईत?"

हजार पोरांना उत्तरं देणारा माणूस, त्यानं खिशातला रुमाल काढला आणि पुन्हा घडी घालून आत ठेवला.

७

आपांना वाटलं होतं, आता बसवराज सोफ्याकडं झेप घेतील. एखाद्या बापानं घेतली असती. बसवराज बराच वेळ सतरंजीच्या काठाचे धागे ओढत बसले आणि मग घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे आमच्या मुलीत दोष नव्हता. हे आता सगळ्यांसमोर ठरलं."

"ठरलं," आपा म्हणाल्या.

"मग सोयरीक कशावर मोडायची? तुमच्या घरात झालं, तुम्हीच सांभाळा."

गंगम्मानं क्षणभर डोळे मिटले. हिशेबाला ती पक्की होती. उद्या शहरात कळलं तर कोणता बाप पोरगी या क्लासला पाठवील? घरातली गोष्ट घरात ठेवायची तर ती मुलगीच घरात ठेवायला हवी. "सांभाळू की," ती म्हणाली. "आमची चूक झाली, आम्ही कुठं न्हाई मनतो. मुहूर्त अलीकडचा धरू. डीजेवाल्याचं तुम्ही चालू द्या, पोलिसात एक नाव पाहिजेच."

अमरेशनं मान हलवली. सिद्धम्मानं डोळे पुसले आणि ती चक्क हसली. मल्लम्मा साखर आणायला आत गेली.

सुकन्या भिंतीचा आधार घेत आपांपर्यंत आली. "आपा, जरा बाहेर."

वरांड्यात तिनं आपांचा हात घट्ट धरला. "तुम्ही माझ्यात दोष नाही हे सिद्ध केलं. आता एक दोष काढून द्या माझ्यात. असा, की हे घर मला घेणारच नाही."

आपांनी तिच्याकडं बघितलं. चौकशीच्या एवढ्या वर्षांत लोकांनी त्यांना दोष लपवायला सांगितलं होतं, दुसऱ्याचे शोधायला सांगितलं होतं. आपला काढून मागणारी ही पहिली. एक खोटं बोलायला आपांना एक वाक्य पुरलं असतं. शेजारचा कुणी पोरगा, एखादं नाव. लगेच खरं मानलं असतं सगळ्यांनी, आणि मग ते तिच्या अंगावरून कधीच उतरलं नसतं.

"खोटा नको," त्या म्हणाल्या. "खरा पाहिजे."

"खरा कुठून आणू?"

"नवऱ्याचं नाव घेऊन ठाण्यात तक्रार देणारी पोरगी. याच्याहून मोठा दोष मला तरी माहीत न्हाई. चालंल?"

सुकन्यानं चपला पायानं चाचपून घातल्या.

ठाण्यातला साहेब आपांना ओळखत होता. त्यानं ऐकून घेतलं, पेन ठेवलं, आणि जे बोलतात तेच बोलला. ताई, होणारा नवरा आहे, घरात मिटवा. सुकन्यानं त्याच्या कानाकडं बघत सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, एकही शब्द न बदलता, आणि म्हणाली की यासेरचं नाव खोडा. नाइलाजानं साहेबानं लिहायला घेतलं. सहीची जागा तिला बोट धरून दाखवावी लागली.

ती बाहेर आली तेव्हा दोन रिक्षा आवारात शिरल्या होत्या. गंगम्मा उतरतानाच बोलत होती. "ठाण्याची पायरी चढली! लग्नाआधी! असली पोरगी मला नको, सोन्यानं मढवून दिली तरी नको! मोडली सोयरीक! तुमची पोरगी तुम्हाला लखलाभ, बसवराज!"

बसवराज दुसऱ्या रिक्षातून धडपडत उतरले. "विहीणबाई, ऐका, पोरीला अक्कल न्हाई, मी तक्रार मागं घ्यायला लावतो, विहीणबाई..." आणि भर आवारात, यासेरच्या टेम्पोसमोर, शिपायांसमोर, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गंगम्माच्या पायावर ठेवली.

गंगम्मानं पाय मागं घेतला. टोपी धुळीत पडली.

बापाचा आवाज आला तशी सुकन्या तिकडं वळली होती. ती सरळ त्यांच्याकडंच बघत होती, म्हणून तिला ते दिसलं नाही.

"काय झालं, आपा?" तिनं विचारलं.

"काही न्हाई," आपा म्हणाल्या. "मोडली."